माजघरातली दहा मीटर रेंज आणि छर्रे अडवणारी पेटी : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एप्रिल ते ऑक्टोबर २०२० मधलं, टाळेबंदीत घरीच केलेल्या नेमबाजीच्या सरावाचं आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सराव करणाऱ्या मुलीची मी प्रशिक्षक होते, त्यामुळे जे बरोबर झालं आणि जे चुकलं, दोन्हींत माझा वाटा आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) रायफलमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. त्यानंतर कोल्हापुरात मुलीला नेमबाजीच्या रेंजवर आणून सोडणारे आईबाप वाढले. ही मुलगी त्यांतलीच. तेव्हा सोळा वर्षांची, १० मीटर एअर रायफल, तीन वर्षांचा सराव. वडील उद्यमनगरात लेथवर काम करणारे. त्यांनी कर्ज काढून तिला जुनी पण चांगली मॅच (स्पर्धेची) रायफल घेऊन दिली होती. ०.१७७ इंच व्यासाच्या नळीच्या आणि छर्र्याची ऊर्जा २० जूलच्या आत असलेल्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. म्हणून टाळेबंदी लागली तेव्हा रायफल घरातच होती, आणि छर्र्यांचे पाच डबेही.

२५ मार्चला सगळं बंद झालं. रेंजला कुलूप. पहिले दोन आठवडे मी सगळ्या मुलांना ड्राय फायरिंग दिलं : छर्रा न भरता उभं राहायचं, नेम धरायचा, ट्रिगर दाबायचा, नंतर दहापर्यंत मोजत नेम धरून ठेवायचा. हे उत्तम काम आहे, आजही मी ते अर्ध्या सरावाइतकं मोलाचं मानते. पण सोळा वर्षांच्या पोरीला कागदावर भोक दिसलं नाही की जीव रमत नाही. एका संध्याकाळी फोनवर ती म्हणाली, "मॅडम, नुसतं ट्रिगर दाबून दाबून कंटाळलो. मी नेम धरतो तो कुठं जातो ते तरी कळू दे की."

दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी फोटो पाठवला. त्यांनी पेटी बनवली होती.

अडचण

फोटोतली पेटी देखणी होती. बारा मिलिमीटर प्लायवूडची, कोपरे गुण्यात, पुढे नेमाचं कार्ड अडकवायला दोन क्लिपा. आत जुन्या गोधडीच्या चिंध्या ठासून भरलेल्या आणि शेवटी मागच्या फळीला ट्रकच्या टायरचा जाड तुकडा. "रबर आहे मॅडम, छर्रा गिळतंय," असं त्यांनी लिहिलं होतं. मी फोटो बघितला, "छान झालंय" असं उत्तर दिलं. या प्रकरणातली पहिली चूक ही माझी. मी पेटी बघितली. पेटीच्या मागे काय आहे, बाजूला काय आहे, हे विचारलंच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आजी सोपा (घराची पुढची खोली) झाडत होत्या. केरसुणीपुढे करड्या रंगाची, शर्टाच्या बटणाएवढी चपटी टिकली आली. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला रबराची बारीक जाळी उमटलेली. आजींनी ती नातीला दाखवली, "हे काय गं चपटं?" तो छर्रा होता. पेटीपासून आठ मीटर अलीकडे, ती जिथे उभी राहते तिथून जेमतेम दीड मीटरवर. आणि तिने संरक्षक चष्मा घातलेला नव्हता.

झालं काय होतं? दहा मीटरच्या कार्डावरचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं असतं, मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. बऱ्यापैकी नेमबाजाचे सगळे छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत जातात. त्यामुळे चिंध्यांमध्ये एकाच रेषेत बोगदा पडत जातो. नवशिक्याची पेटी महिनाभर टिकली असती, हिची शे-दीडशे छर्र्यांत आरपार झाली. पुढे टायर. घट्ट रबरावर शिशाचा छर्रा आदळला की रबर त्याला परत ढकलतं, आणि तो आला त्याच बोगद्यातून बाहेर पडतो.

हा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर. हिशेब केला तर ऊर्जा साडेसात-आठ जूल. ऐकायला किरकोळ. परतताना त्यातली थोडीशीच उरलेली असते, पण डोळ्याला तेवढीही पुरते.

फोनवर बोलताना आणखी दोन गोष्टी कळल्या आणि माझ्या हातापायातलं बळ गेलं. घर लांबट, जुन्या पद्धतीचं : पुढे सोपा, मग माजघर, मागे परडं. ती सोप्यातून नेम धरत होती, मधल्या दारातून रेषा माजघरात जात होती, आणि पेटी ठेवली होती परड्याच्या दाराला टेकवून. दार जुन्या फळ्यांचं, दोन फळ्यांत बोट जाईल एवढी फट. दाराच्या पलीकडे आजींचं वाळवण. एप्रिल महिना, कुरडया-सांडगे राखायला कोणी ना कोणी तिथे बसलेलं. शिवाय स्वयंपाकघराचं दार माजघरात, बरोबर नेमाच्या रेषेत उघडत होतं. घरात दोन वर्षांचा चुलतभाऊ होता, नुकता पळायला लागलेला.

समोर असलेले पर्याय

त्या रात्री आम्ही तिघांनी, म्हणजे मी, वडील आणि मुलगी, व्हिडिओ कॉलवर तासभर चर्चा केली. सराव तिथल्या तिथे थांबवला होता.

पहिला पर्याय सरळ होता : घरात छर्रा उडवायचाच नाही, रेंज उघडेपर्यंत ड्राय फायरिंग. माझं मत याच बाजूचं होतं आणि मी ते स्पष्ट सांगितलं. वडील गप्प राहिले. मुलगी म्हणाली, "मग मी रायफल गुंडाळूनच ठेवतो." तिचा आवाज ऐकून मी अडखळले. हा निर्णय मी भावनेच्या भरात बदलला का, यावर नंतर मी खूप विचार केला आहे. थोडाफार, हो. पण वडिलांच्या हातात कसब होतं आणि घर चालण्यासारखं होतं, हेही खरं.

तयार ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी) मागवणं शक्य नव्हतं, कुरिअर बंद होते. जुन्या वह्या-मासिकांचे गठ्ठे बांधून लावायचे, हे स्वस्त आणि काही दिवस चालणारं. पण गठ्ठ्यालाही तोच बोगद्याचा रोग. रोज गठ्ठा सरकवायचा, फिरवायचा, आणि एक दिवस विसरलं की संपलं. आठवणीवर अवलंबून असलेली सुरक्षा मला नको होती.

शाडूची पेटी भरायची कल्पना वडिलांची. गणपतीचं काम करणारा त्यांचा मित्र पोतंभर शाडू द्यायला तयार होता. ओली असेतो ती माती छर्रा छान पोटात घेते. पण कोल्हापूरच्या उन्हाळ्यात दोन दिवसांत वाळून तडकली असती, आणि मग प्रत्येक छर्र्यागणिक मातीची आणि शिशाची मिसळलेली धूळ. मुलांची तेलातली रंगीत माती वाळत नाही, तिचा जाड थर खरंच चांगला. पण तेवढी माती त्या दिवसांत कुठून आणणार?

उरला तिरप्या लोखंडी पत्र्याचा पर्याय. जुन्या रेंजांवर हाच दिसतो. पत्रा त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये पडलेला होता.

काय केलं

पेटीच्या आधी रेषा बदलली. पेटी परड्याच्या दारापासून काढून अडीच फूट डावीकडे, माजघराच्या दगडी भिंतीला लावली. मधल्या दारातूनच नेम जायचा असल्याने उभं राहायची जागा सोप्यात उजवीकडे सरकली, रेषा तिरपी झाली. या तिरपेपणाने अंतरही पुरं मिळालं : आधी कार्ड साडेनऊ मीटरवर होतं, आता उभं राहायच्या रेघेपासून टेप लावून बरोबर दहा. कार्डाचं केंद्र जमिनीपासून १.४ मीटर, स्पर्धेच्या नियमाप्रमाणे.

मग पेटी. तोंड ४० बाय ४० सेंटिमीटर, खोली तेवढीच. आत तीन मिलिमीटरचा साधा लोखंडी पत्रा ४५ अंशात. ४० सेंटिमीटर उंचीला ४५ अंशात बसवायचा तर पत्र्याची लांबी ५७ सेंटिमीटर लागते. वजन साडेपाच किलोच्या आसपास. या ताकदीच्या शिशाच्या छर्र्याला तीन मिलिमीटर भरपूर होतो, कठीण पोलाद लागत नाही.

इथे एक गोष्ट फोनवर निसटता निसटता सापडली. वडिलांनी पत्रा उलटा बसवला होता : खालची कड पुढे, वरची कड मागे, घसरगुंडीसारखा. छर्रे घरंगळून पुढच्या ट्रेमध्ये येतील आणि गोळा करायला सोपं जाईल, हा त्यांचा विचार. मी म्हणाले, "दादा, कॅरमचा स्ट्रायकर आठवा. कड अशी तिरपी असेल तर तो कुठं जाईल?" ते दोन क्षण थांबले. "वर. छताला." बरोबर. वरची कड नेमबाजाकडे झुकलेली आणि खालची मागे हवी, म्हणजे छर्रा खाली दाबला जातो. शिसं मऊ असल्याने छर्रा स्ट्रायकरसारखा उसळत नाही, चपटा होऊन पत्र्याच्या अंगाने फाकतो. म्हणून खालच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना फट राहता कामा नये. त्यांनी आतून अँगल वेल्ड करून सगळ्या फटी बुजवल्या, तळाला ट्रे, ट्रेमध्ये गोधडीची घडी, आणि पेटीच्या उघड्या तोंडावर कार्डामागे खोक्याचा जाड पुठ्ठा. छर्रा पुठ्ठा भेदून आत जातो, आत उडालेल्या बारीक चिपा पुठ्ठ्याला अडकतात. पुठ्ठा दर तीन दिवसांनी बदलायचा असं ठरलं.

पेटी चुकवून गेलेल्या छर्र्यासाठी पेटीमागे चार बाय चार फुटांची १९ मिलिमीटर प्लायवूडची फळी उभी केली, तिच्यावर जुना गालिचा. नुसत्या दगडी भिंतीवर छर्रा आदळला तर तो कुठल्या कोनात उडेल याचा भरवसा नाही.

एक गोष्ट मी तेव्हाच बजावून सांगितली आणि इथेही लिहिते, कारण या पेटीचं माप अनेकांनी मागितलं आहे. ही पेटी फक्त दहा मीटरच्या मॅच एअर रायफलसाठी आणि चपट्या तोंडाच्या शिशाच्या छर्र्यांसाठी आहे. पोलादी गोळ्या तिच्यात उडवू नयेत, त्या लोखंडावरून थेट परत येतात. आणि पॉइंट टू-टूची (०.२२ इंच रायफलची) गोळी वेगळ्याच जातीची : २.६ ग्रॅम, सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास, म्हणजे १४० जूल. जवळजवळ अठरापट. ती परवान्याच्या शस्त्रातून आणि मान्यताप्राप्त रेंजवरच उडवायची असते. घरात नाही, कुठल्याच पेटीत नाही.

दारांचा बंदोबस्त आजींकडे दिला. हा निर्णय मला आजही सगळ्यांत चांगला वाटतो. दुपारी साडेतीन ते साडेचार ही वेळ ठरली. आजी स्वयंपाकघराच्या दाराला कडी घालायच्या, परड्याच्या दाराला आडणा लावायच्या, दोन्ही दारांवर लाल फडकं अडकवायच्या आणि नातवाला घेऊन शेजारच्या जावेकडे जायच्या. आई मधल्या दारामागे, सोप्यात बसायची. आजींनी "झालं" म्हटल्याशिवाय छर्रा भरायचा नाही. भरण्याची, थांबण्याची, रायफल रिकामी करण्याची आज्ञा वडील द्यायचे, रेंजवर देतात तशी. थांबल्यावर नळीतून नारिंगी नायलॉनची दोरी आरपार घालून ठेवायची, म्हणजे रायफल रिकामी आहे हे कुणालाही लांबून दिसतं. घरात जे असतील त्या सगळ्यांना चष्मा. वडिलांनी कारखान्यातले ग्राइंडिंगचे चष्मे आणले.

पहिल्याच दिवशी शेजारून तक्रार आली. लोखंडावर छर्रा आदळला की ठण्ण् असा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. टाळेबंदीत गल्ली एवढी शांत की भांडं पडलं तरी ऐकू यायचं. शेजारचे आजोबा काठी टेकत दारात आले, "दुपारचं हे काय ठोकताय?" वडिलांनी त्यांना आत बोलावून सगळं दाखवलं, मुलीचं क्लबचं ओळखपत्र दाखवलं. मग पत्र्याच्या मागच्या बाजूला गालिच्याचा तुकडा चिकटवला, बोल्टांखाली रबराचे वॉशर घातले, पेटीखाली घोंगडं. आवाज ठण्ण् वरून थप् वर आला.

आणि शिसं. याबद्दल मी पहिल्यापासून कडक होते, पण पुरेशी नव्हते, ते पुढे येईल. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. रक्तातलं शिशाचं सुरक्षित प्रमाण म्हणून काही नसतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून माजघरात केरसुणी बंद. सराव संपला की ओल्या फडक्याने फरशी पुसायची, फडकं वेगळ्या बादलीत. पंखा बंद, खिडक्या उघड्या. मुलीने साबणाने हात-तोंड धुवायचं, शर्ट बदलायचा, मगच काही तोंडात घालायचं. वाळवण तोपर्यंत गच्चीवर गेलं होतं. ट्रेमधलं शिसं झाकणाच्या बरणीत, बरणी शेडमध्ये कुलपात. ते वितळवून ओळंब्याची वजनं ओतू, असं वडील एकदा म्हणाले. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं, त्यांच्यासारख्याला ते सहज जमलं असतं. पण त्या धुराने घर भरलं असतं. मी नाही म्हणाले, त्यांनी ऐकलं.

काय निष्पन्न झालं

आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला वीस-पंचवीस छर्रे. बाकी वेळ ड्राय फायरिंग. ऑक्टोबरपर्यंत पाच डबे संपले, प्रत्येकी पाचशेचे, म्हणजे अडीच हजार छर्रे. पहिल्या चार दिवसांतला तो एक छर्रा सोडला तर परत आलेला एकही सापडला नाही. पेटी चुकवून फळीत दोन रुतले, दोन्ही एकाच दिवशी, ती तापातून उठून उभी राहिली होती तेव्हा. त्या दिवशी सराव द्यायलाच नको होता.

नंतर मी पेटी बघायला गेले. पत्रा उघडून दाखवला त्यांनी. अडीच हजार छर्रे खाऊन पत्र्याला खोक नव्हती, मधोमध फक्त एक चकाकणारा करडा डाग, पाच रुपयांच्या नाण्याएवढा, आणि त्याच्याखाली पंख्यासारखी पसरलेली शिशाची झाक. मी कार्डं न बघताही तिचा नेम कसा चालला होता ते त्या डागावरून सांगू शकले असते.

खेळाच्या बाजूने : रेंजवर परतल्यावर तिच्या गुणांत घसरण नव्हती. पण डोकं पुढे झुकवून पीप साइटमधून (नेम धरायच्या बारीक भोकातून) बघायची एक सवय लागली होती. कारण माजघरातला उजेड. स्पर्धेत कार्डावर किमान १५०० लक्स उजेड असतो, घरी एका बल्बवर काम चाललं होतं. ती सवय मोडायला दीड महिना गेला. दोन चांगले एलईडी दिवे कार्डाकडे वळवून लावले असते तर हा त्रास टळला असता.

पुन्हा करायचं झालं तर

वडील माणूस हिशेबी. ऑक्टोबरमध्ये त्यांनी बरणीतलं शिसं कारखान्याच्या काट्यावर तोललं. अडीच हजार छर्रे गुणिले ०.५३ ग्रॅम, म्हणजे १३२५ ग्रॅम यायला हवं होतं. भरलं १२६०. पासष्ट ग्रॅम कमी. त्यांनी मला फोन करून विचारलं, "मॅडम, बाकीचं कुठं गेलं?"

थोडं पुठ्ठ्यांत अडकून कचऱ्यात गेलं. पहिल्या चार दिवसांतलं काही चिंध्यांत राहिलं, आणि त्या चिंध्या आजींनी वापरायला धुतल्या होत्या हे तेव्हा कळलं. काही गालिच्यात. उरलेलं बारीक भुकटी होऊन माजघराच्या फरशीवर, भिंतीच्या कडेला, फडक्यात, बादलीत, मोरीत. आम्ही छर्रा कुठे थांबतो याची जेवढी काळजी केली, तेवढी शिसं कुठे जातं याची केली नाही. त्या घरात दोन वर्षांचं मूल रांगलं, पळलं, जमिनीवर पडलेला खाऊ उचलून खाल्ला. रेंज उघडली तेव्हाच त्याच्या रक्ततपासणीचं मी सांगायला हवं होतं. काट्याचा हिशेब कळल्यावर, नोव्हेंबरमध्ये सांगितलं. डॉक्टरांनी अहवाल बघून काळजीचं कारण नाही म्हटलं. मधले ते दहा दिवस मी विसरलेले नाही.

आज असं लहान मूल घरात असेल तर मी छर्रा उडवायला होकार देत नाही, पेटी कितीही चांगली असली तरी. मूल नसेल तर पत्र्यावर तेलातल्या मातीचा जाड थर लावायला सांगते, म्हणजे छर्रा फुटण्याआधी मातीत रुततो आणि भुकटी कमी होते. थर दर आठवड्याला उकरून, छर्रे वेचून, पुन्हा थापायचा. पुठ्ठे आणि फडकी घरच्या कचऱ्यात न टाकता पिशवीत बांधून वेगळी ठेवायची. शिसं बॅटरीचं भंगार घेणाऱ्याकडे द्यायचं.

कुणी पालक पेटीचा फोटो पाठवतात तेव्हा मी आधी घराचा नकाशा मागते, हाताने काढलेला चालतो. प्रत्येक दार कुठे उघडतं, भिंतीपलीकडे कोण राहतं, घरात सगळ्यांत लहान कोण. गेल्या वर्षी एका वडिलांनी असा नकाशा पाठवला. नेमाची रेषा देवघराच्या पडद्यातून जात होती आणि पडद्यामागे रोज पहाटे त्यांची आई बसायची. त्यांना रेषा आखेपर्यंत ते लक्षात आलं नव्हतं. त्यांची मुलगी सध्या ड्राय फायरिंग करते, आणि शनिवार-रविवार रेंजवर येते.